सिडनीचं तिकीट काढलं आणि कॅनडात उतरले! जगातली सगळ्यात मोठी भरती येते तो नोव्हा स्कोशिया प्रांत नेमका आहे तरी कसा?

२०१७ मधली गोष्ट. नेदरलँड्सचा एक १८ वर्षांचा तरुण ऑस्ट्रेलियातल्या सिडनीला जायला निघाला. तिकीट स्वस्तात मिळालं म्हणून गडी खुश होता. पण टोरंटोला विमान बदलताना समोर अगदीच छोटं विमान दिसलं आणि त्याला शंका आली. हे विमान प्रशांत महासागर ओलांडणार तरी कसं? शंका बरोबर निघाली. त्याने तिकीट काढलं होतं ते कॅनडाच्या पूर्व टोकाला असलेल्या सिडनीचं. त्याआधी २००२ मध्ये एक ब्रिटिश जोडपंही असंच तिथे जाऊन पोचलं होतं.

हे दुसरं सिडनी ज्या प्रांतात आहे त्याचं नाव नोव्हा स्कोशिया. कॅनडा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टोरंटो, व्हँकुव्हर नाहीतर नायगारा येतो. नोव्हा स्कोशिया त्या यादीत सहसा नसतो. पण गेल्या काही वर्षांत सिडनीच्या केप ब्रेटन विद्यापीठात आणि हॅलिफॅक्सच्या कॉलेजांमध्ये भारतातून बरीच मुलं शिकायला गेली. त्यामुळे आता "पोराकडे जातोय तर तिथे बघायचं काय?" असं विचारणारे आईवडील आपल्याकडेही आहेत.

बघायला भरपूर आहे. फक्त तिथला समुद्र दिसतो तेवढा साधा नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

क्षेत्रफळात हा कॅनडातला खालून दुसरा प्रांत. लोकसंख्या दहा लाखांच्या थोडी वर. नकाशात तो अटलांटिकमध्ये घुसलेल्या चिंचोळ्या जिभेसारखा दिसतो आणि कुठेही उभे राहिलात तरी समुद्र ७० किलोमीटरच्या आत असतो. नाव लॅटिन आहे, अर्थ 'नवं स्कॉटलंड'. १६२१ मध्ये स्कॉटलंडच्या राजाने हा मुलुख सनद लिहून एका सरदाराला देऊन टाकला, तेव्हापासून हे नाव चिकटलं. अर्थात राजाने ज्यांची जमीन वाटली ते मिगमा लोक तिथे हजारो वर्षांपासून राहत होते आणि आजही राहतात. मधल्या काळात फ्रेंच आले, इंग्रज आले, जर्मन आले, स्कॉटिश आले. या सगळ्यांच्या खुणा आज पर्यटनस्थळं झाल्या आहेत.

पाच मजली भरती

मुंबईत पावसाळ्यात साडेचार मीटरची भरती असली की महापालिका इशारा देते, बातम्या येतात, चौपाटीवर पोलीस उभे राहतात. नोव्हा स्कोशिया आणि शेजारच्या न्यू ब्रन्सविक प्रांताच्या मधे 'बे ऑफ फंडी' नावाचा उपसागर आहे. त्याच्या आतल्या टोकाला बर्नटकोट हेड ही जागा आहे. तिथे भरती आणि ओहोटीच्या पातळीत १६ मीटरपर्यंत फरक पडतो. म्हणजे साधारण पाच मजली इमारत. जगातली सर्वात उंच भरती म्हणून या जागेची नोंद आहे.

असं का होतं? लहान मुलाला झोक्यावर बसवून ढकलायचं असेल तर झोका मागे आला की त्याच क्षणी ढकलावं लागतं. वेळ जुळली तर थोड्या ताकदीतही झोका उंच जातो. फंडीचं तसंच आहे. या उपसागराची लांबी आणि खोली अशी आहे की आतलं पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हिंदकळून परत यायला साधारण साडेबारा-तेरा तास लागतात. आणि चंद्रामुळे येणाऱ्या दोन भरतींमधलं अंतर असतं १२ तास २५ मिनिटं. वेळ जवळपास जुळते आणि प्रत्येक भरती आधीच्या हेलकाव्याला ढकलत राहते. त्यात उपसागर आत जाताना अरुंद आणि उथळ होत जातो, त्यामुळे पाण्याला वर चढण्याशिवाय जागाच उरत नाही.

बर्नटकोट हेडला ओहोटीच्या वेळी लाकडी जिन्याने खाली उतरून थेट समुद्राच्या तळावर चालता येतं. तांबडा चिखल, डबक्यांमधले खेकडे-शंख आणि मधोमध एक उंच खडक, त्याच्या डोक्यावर झाडं. कुंडीसारखा दिसतो म्हणून त्याला 'फ्लॉवरपॉट' म्हणतात. काही तासांनी याच जागेवर फक्त पाणी असतं आणि तो खडक बेट होतो.

फोटो काढायच्या नादात एक हिशोब विसरला जातो. पंधरा-सोळा मीटर पाणी सव्वासहा तासांत चढतं, म्हणजे तासाला सरासरी अडीच मीटर. मधल्या तासांत वेग आणखी जास्त. उंचापुरा माणूसही तासाभराच्या आत पूर्ण पाण्याखाली जाईल एवढा हा वेग आहे. शिवाय पाणी नेहमी समोरूनच येतं असं नाही. मागच्या सखल भागातून येऊन ते परतीची वाट आधी बंद करू शकतं. म्हणून तिथे जायचं तर आधी भरतीचं वेळापत्रक बघायचं आणि मगच गाडी काढायची. ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे "काल मित्र अकरा वाजता गेला होता" हे काही कामाचं नाही.

याच भरतीचं दुसरं रूप शुबेनॅकडी नदीवर दिसतं. भरतीचं पाणी नदीच्या तोंडातून आत घुसतं आणि वाहत्या नदीला उलटं ढकलत वर येतं. रबरी मोटरबोटीत बसून या लाटांवर आदळत जाण्याचा खेळ तिथे पैसे देऊन खेळता येतो. माणूस नखशिखान्त तांबड्या चिखलाने माखून बाहेर येतो, तेव्हा नवे कपडे घालून जाण्यात अर्थ नाही. ज्यांना भिजायचं नाही त्यांनी ट्रुरो गावात काठावर उभं राहून लाट येताना बघावी. पण अपेक्षा बेताची ठेवावी. बऱ्याचदा ती घोट्याएवढीच असते.

उपसागराच्या उत्तर भागात जॉगिन्सचे कडे आहेत. भरतीच्या लाटा हे कडे रोज थोडेथोडे खरवडतात आणि आतून ३१ कोटी वर्षांपूर्वीचं जंगल बाहेर पडतं. उभ्या अवस्थेत दगड झालेली झाडांची खोडं, पावलांचे ठसे, असं बरंच काही. १८५० च्या दशकात इथल्याच पोकळ खोडांमध्ये हायलोनोमस नावाच्या छोट्या, पालीसारख्या प्राण्याचे अवशेष सापडले. आजपर्यंत माहीत असलेल्या सर्वात जुन्या सरपटणाऱ्या प्राण्यांमध्ये त्याची गणना होते. २००८ मध्ये युनेस्कोने या जागेला जागतिक वारसा ठरवलं. एखादा दगड उचलून खिशात टाकायचा मोह होईल, पण जीवाश्म नेणं कायद्याने गुन्हा आहे.

सगळ्यात जास्त फोटो निघतात ते दीपगृह

हॅलिफॅक्सपासून साधारण ४५ किलोमीटरवर पेगीज कोव्ह हे मच्छीमारांचं टीचभर गाव आहे. तिथल्या गुळगुळीत ग्रॅनाइटच्या खडकांवर १९१५ मध्ये बांधलेलं पांढरंशुभ्र दीपगृह उभं आहे, डोक्यावर लाल टोपी. कॅनडाच्या जाहिरातींमध्ये तुम्ही ते नक्की पाहिलं असणार.

इथे एक नियम गावातलं पोरही सांगतं: काळ्या खडकांवर जायचं नाही. वरचे खडक करडे-पांढरे दिसतात, खालचे काळे. काळे म्हणजे ओले, आणि ओले म्हणजे लाट तिथपर्यंत येते. समुद्र शांत दिसत असतानाही अचानक एखादी मोठी लाट येते आणि उभ्या माणसाला खाली ओढून नेते. पाणी बर्फासारखं गार आणि खडकाला धरायला काही नाही. असे मृत्यू इथे अनेकदा झाले आहेत, फलक लावलेत, तरीही सेल्फीसाठी लोक खाली उतरतात. २०२१ मध्ये तिथे व्हीलचेअर जाऊ शकेल असा प्रशस्त लाकडी सज्जा बांधला. दीपगृहाचा फोटो तिथूनही झकास येतो.

जवळच एक स्मारक आहे, तिथे गर्दी कमी असते. २ सप्टेंबर १९९८ च्या रात्री न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेलं स्विसएअरचं विमान याच किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं. २२९ जण होते, कुणीही वाचलं नाही. गावातले मच्छीमार त्या रात्री आपापल्या होड्या घेऊन बाहेर पडले होते. कुणीतरी जिवंत सापडेल या आशेने गेलेल्या त्या लोकांना जे पाहावं लागलं, त्याबद्दल बोलणं पुढे अनेकांना जमलं नाही.

हॅलिफॅक्स: स्फोट, टायटॅनिक आणि एक ख्रिसमस ट्री

राजधानी हॅलिफॅक्स १७४९ मध्ये इंग्रजांनी वसवली. मधल्या टेकडीवर ताऱ्याच्या आकाराचा सिटाडेल किल्ला आहे. तिथे नाताळचा दिवस सोडून वर्षभर रोज दुपारी बारा वाजता तोफ उडते. नवखा माणूस दचकतो, गावातला घड्याळ लावतो. किल्ल्यावरून खाली उतरलं की बंदराला लागून कित्येक किलोमीटर लांब लाकडी पदपथ. संध्याकाळ घालवायला याहून चांगली जागा शहरात नाही. समोरच्या डार्टमथला जाणारी फेरीबोट १७५२ पासून सुरू आहे, तिचं तिकीट बसच्या भाड्याइतकंच. बंदर बघायला महागड्या सहलीपेक्षा ही बोट कधीही बरी.

पण या बंदराने जे पाहिलंय ते समजून घेतल्याशिवाय हॅलिफॅक्स कळत नाही. ६ डिसेंबर १९१७, पहिलं महायुद्ध चालू. स्फोटकांनी खच्चून भरलेलं 'माँ-ब्लां' हे फ्रेंच जहाज आणि 'इमो' हे नॉर्वेचं जहाज बंदराच्या अरुंद भागात एकमेकांवर आदळले. आग लागली. जहाजात काय आहे हे काठावरच्या लोकांना माहीत नव्हतं, त्यामुळे घराघरात माणसं खिडक्यांशी उभी राहून आग बघत होती. सकाळी ९ वाजून ४ मिनिटांनी स्फोट झाला. सुमारे दोन हजार माणसं मेली, नऊ हजार जखमी झाली. खिडक्यांच्या काचा फुटून शेकडो लोकांच्या डोळ्यांना इजा झाली. अणुबॉम्बच्या आधीचा माणसाने घडवलेला हा सगळ्यात मोठा स्फोटांपैकी एक.

रेल्वेचा एक तारबाबू, व्हिन्स कोलमन, धोका कळल्यावर निघून जात होता. पण प्रवाशांनी भरलेली गाडी शहराकडे येतेय हे आठवून तो परत फिरला, गाड्या थांबवा अशी तार केली आणि स्फोटात गेला. त्याचं घड्याळ आणि इतर वस्तू बंदरावरच्या सागरी संग्रहालयात आहेत. बातमी कळताच अमेरिकेतल्या बॉस्टनने डॉक्टर आणि मदतीची गाडी पाठवली. त्याची आठवण म्हणून नोव्हा स्कोशिया १९७१ पासून दरवर्षी बॉस्टनला एक भलंमोठं ख्रिसमस ट्री पाठवतं.

याच संग्रहालयात टायटॅनिकचा विभाग आहे. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यावर मृतदेह शोधायला हॅलिफॅक्सहून जहाजं गेली. १५० जणांना इथेच पुरलं, त्यातले १२१ फेअरव्ह्यू लॉन दफनभूमीत. तिथे एका दगडावर 'जे. डॉसन' असं नाव आहे आणि सिनेमा पाहिलेले पर्यटक तिथे फुलं ठेवतात. प्रत्यक्षात तो जॅक नव्हे, जोसेफ डॉसन. जहाजाच्या पोटात कोळसा वाहणारा कामगार. त्याच्यापेक्षा थोडं पुढे 'अनोळखी बालक' असं लिहिलेली कबर आहे, तिच्यासमोर जास्त वेळ थांबावं. डीएनए तपासणीनंतर २००७ मध्ये त्या बाळाची ओळख पटली: सिडनी गुडविन, वय १९ महिने. तोवर ९५ वर्षं उलटली होती.

बंदराच्या उत्तर टोकाला आफ्रिकव्हिल होतं. कृष्णवर्णीय कुटुंबांची शंभर वर्षांहून जुनी वस्ती. महापालिकेने तिथे कर घेतले, पण पाणी-गटार दिलं नाही, उलट कचरा डेपो आणून ठेवला आणि १९६० च्या दशकात "सुधारणा" म्हणून सगळं पाडलं. चर्चसुद्धा रात्रीच्या वेळी पाडलं. २०१० मध्ये शहराने माफी मागितली. त्या चर्चची प्रतिकृती आता संग्रहालय आहे. अनेक सहलींच्या यादीत ते नसतं. स्वतःहून जावं लागतं.

दक्षिण किनारा आणि खारबंदिस्ती

हॅलिफॅक्सपासून शंभरेक किलोमीटरवर लुनेनबर्ग. लाल, निळी, पिवळी लाकडी घरं, उतरत्या गल्ल्या, खाली बंदर. १७५३ मध्ये आखलेलं हे गाव १९९५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. इथेच १९२१ मध्ये 'ब्लूनोज' हे शिडाचं जहाज बांधलं. मासेमारी करायची आणि शर्यतीही जिंकायची असं ते जहाज कॅनडाच्या दहा सेंटच्या नाण्यावर १९३७ पासून आहे. त्याची प्रतिकृती 'ब्लूनोज दुसरं' उन्हाळ्यात प्रवाशांना घेऊन फिरते. धक्क्याजवळ काळ्या दगडी खांबांवर समुद्रात गेलेल्या मच्छीमारांची नावं कोरली आहेत. १९२६ आणि १९२७ च्या ऑगस्टमधल्या वादळांत गावच्या होड्याच्या होड्या गेल्या. एकच आडनाव ओळीने येत राहतं, आणि रंगीत घरांकडे बघायची नजर बदलते.

ग्रां-प्रे हे नाव मात्र कोकणातल्या माणसाने मुद्दाम लक्षात ठेवावं. सतराव्या शतकात आलेल्या फ्रेंच शेतकऱ्यांनी, म्हणजे अकेडियन लोकांनी, फंडीच्या प्रचंड भरतीला बांध घालून खाजण जमीन पिकाखाली आणली. बांधात लाकडी झडप बसवायची: ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर जाईल, भरतीला झडप आपोआप बंद होईल. कोकणातल्या खारबंदिस्तीचं तत्त्वही हेच. १७५५ मध्ये इंग्रजांनी या लोकांना निष्ठेची शपथ घेत नाहीत म्हणून जहाजांत कोंबून हद्दपार केलं. पुढच्या आठ वर्षांत दहा हजारांहून जास्त लोक देशोधडीला लागले. त्यातले काही फिरत फिरत अमेरिकेच्या लुइझियानात पोचले, आजचे 'केजन' ते हेच. त्यांनी सोडलेले शेतबांध आजही उभे आहेत, मागे पिकं आहेत. २०१२ मध्ये हा सगळा परिसर जागतिक वारसा झाला. आजूबाजूच्या ॲनापोलिस खोऱ्यात सफरचंदाच्या बागा आणि वायनरी आहेत, एक पूर्ण दिवस सहज जातो.

देवमासे बघायचे असतील तर फंडीच्या तोंडावरच्या ब्रायर बेटापर्यंत जावं लागतं. दोन फेरीबोटी बदलाव्या लागतात, पण उन्हाळ्यात हंपबॅक देवमासे दिसण्याची शक्यता चांगली असते.

केप ब्रेटन

इथे किमान तीन दिवस हवेत. १९५५ मध्ये भराव घालून रस्ता बांधला तोवर हे बेट मुख्य भूमीपासून तुटलेलंच होतं. बेटाच्या उत्तर भागाला वळसा घालणारा २९८ किलोमीटरचा 'कॅबट ट्रेल' हा गाडीरस्ता म्हणजे एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला सरळ खाली समुद्र. कॅनडात गाडी उजवीकडून चालते. घड्याळाच्या उलट दिशेने गेलात तर तुम्ही समुद्राकडच्या कडेने जाता आणि देखावा थेट दिसतो. ज्यांना उंचीची किंवा उजव्या बाजूने चालवायची धास्ती आहे त्यांनी घड्याळाच्या दिशेने, डोंगराकडून जावं. एका दिवसात पूर्ण करता येतो असं लोक सांगतात. येतो, पण मग खिडकीतूनच बघणं होतं.

स्कायलाइन ट्रेल ही पायवाट सगळ्यांत लोकप्रिय. शेवटी लाकडी पायऱ्या कड्याच्या टोकावर नेतात. सूर्यास्ताला इथे गर्दी उसळते, परतताना अंधार होतो, बॅटरी हवी. वाटेत मूस दिसतो. हा प्राणी म्हशीपेक्षा उंच असतो आणि चिडला तर धावून येतो. ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात डोंगर लाल-केशरी होतात, आणि त्याच सुमारास बेटभर 'केल्टिक कलर्स' संगीत महोत्सव असतो. तेव्हा खोली आयत्या वेळी मिळत नाही.

बॅडेक गावात टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलचं संग्रहालय आहे. फोनपेक्षा त्याच्या विमानांच्या आणि पाण्यावर उचलून धावणाऱ्या बोटीच्या प्रयोगांची कहाणी इथे जास्त रंगते. १९०९ मध्ये गोठलेल्या खाडीवरून 'सिल्व्हर डार्ट' उडालं, ते कॅनडातलं पहिलं इंजिनवालं उड्डाण. लुईबर्गचा फ्रेंच किल्ला तर नव्याने बांधलेला. १९६० च्या दशकात कोळशाच्या खाणी बंद पडू लागल्या, तेव्हा बेकार खाणकामगारांना गवंडीकाम शिकवून अठराव्या शतकातलं गाव उभं केलं. आणि ग्लेस बेच्या खाण संग्रहालयात जुने खाणकामगार स्वतः तुम्हाला समुद्राखालच्या खाणीची ओळख करून देत आले आहेत. पाठ वाकवून चालावं लागतं.

खायचं काय, खर्च कुठे होतो

शेवंड. आपल्याकडे जी चीज लग्नसमारंभातही परवडत नाही, ती इथे पावात भरून रस्त्याकडेला मिळते. स्वस्त म्हणावी अशी मात्र राहिलेली नाही. डिग्बीचे स्कॅलॉप आणि दाट मलईदार फिश चाउडरही घ्यावं. शेवंडीमागे भांडणही आहे: मिगमांच्या मासेमारीच्या हक्काला सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये मान्यता दिली, तरी २०२० मध्ये त्यावरून हिंसाचार झाला आणि शेवंडी साठवायची एक वखार जळून खाक झाली. शाकाहाऱ्यांची सोय हॅलिफॅक्स आणि सिडनीत होते. कॅबट ट्रेलवर सोबत थेपले असलेले बरे.

भारतातून थेट विमान नाही. टोरंटो, मॉन्ट्रियल किंवा युरोपमार्गे जावं लागतं, व्हिसा आधी काढावा लागतो. शहराबाहेर सार्वजनिक वाहतूक जवळपास नाहीच, म्हणून भाड्याची गाडी हाच सगळ्यात मोठा खर्च. दुकानात किंवा हॉटेलात लिहिलेल्या किमतीत कर धरलेला नसतो, बिलात १४ टक्के वाढतात.

गवतातून चालून आल्यावर पाय तपासा. इथे गोचीड खूप आहेत आणि त्यांच्यामुळे लाइम हा आजार होतो. निघण्याआधी वणव्याच्या सूचनाही बघाव्यात. ऑगस्ट २०२५ मध्ये कोरड्या हवेमुळे सरकारने जंगलात पाऊल ठेवायलाच बंदी घातली होती आणि दंड होता २५,००० डॉलर.

जूनच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम. त्यानंतर देवमाशांच्या बोटी, छोटी संग्रहालयं, कॅबट ट्रेलवरची हॉटेलं एकेक करून दारं लावतात आणि थेट मे महिन्यात उघडतात.